ज्वारीचे दोन मुलूख

इसवी सन १८७६ च्या पावसाळ्याने दख्खनच्या पठारास जो दगा दिला, त्याची आठवण सोलापूर जिल्ह्यातील रयतेच्या दोन-तीन पिढ्यांनी जिवंत ठेवली होती. परंतु त्याच सुमारास, येथून हजारो मैलांवर, उत्तर चीनमधील शान्सी, शेन्सी, होनान, शांटुंग आणि तेव्हा चिहली या नावाने ओळखला जाणारा आजचा होपेई, या पाच प्रांतांकडेही पर्जन्याने तशीच पाठ फिरविली होती, ही गोष्ट आपल्याकडे इतिहासाचे अध्यापक सोडल्यास फारशी कोणास ठाऊक नसते. पॅसिफिक महासागराच्या तापमानातील ज्या विक्षेपास आजचे शास्त्रज्ञ एल निनो म्हणतात, त्याच्या एकाच फेऱ्याने हे दोन्ही मुलूख होरपळले. दक्षिण हिंदुस्थानात त्या दुष्काळाने पन्नास लाखांच्या आसपास माणसे नेली. उत्तर चीनमध्ये १८७९ पर्यंत जी मेली, त्यांची संख्या अभ्यासक नव्वद लाखांपासून एक कोटी तीस लाखांपर्यंत सांगतात. सोलापुरास १८६० मध्येच आगगाडी आलेली होती, आणि तिने धान्य आणले की नेले, याविषयी त्या काळी कडाक्याचे वाद झाले. शान्सीत आगगाडी नव्हतीच. तेथे होपेईच्या मैदानातून ताइहांग पर्वताच्या ओळीत चढणारी कू-क्वानची खिंड एवढीच काय ती वाट होती, आणि त्या खिंडीत धान्याने लादलेली खेचरे, उंट, गाढवे आणि हमाल एकमेकांत अडकून पडले असता, वरच्या अंगाचे लोक मात्र झाडांच्या साली सोलून खात होते.

एखाद्या परक्या भूभागाचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकास मी मुद्दाम या दारातून आत नेत आहे. चीनचे नाव निघाले की आपल्या मनात मोठमोठ्या वस्तू उभ्या राहतात : लांबच लांब भिंत, रेशीम, कन्फ्यूशियसची वचने, पेकिंगचा राजवाडा; आणि १९६२ नंतर जन्मलेल्यांच्या मनात तर केवळ हिमालयाची सरहद्द. एवढ्या प्रचंड देशाचा असा एकगठ्ठा परिचय हा बहुधा परिचय नसतोच. चीन हा एक मुलूख नसून अनेक मुलुखांचा समुच्चय आहे, आणि यांगत्सेच्या दक्षिणेकडील भातखाचरांचा चीन व पीत नदीकाठचा कोरडवाहू चीन यांत जेवढे अंतर आहे, तेवढे कोकण आणि मंगळवेढे यांतही नसेल. सोलापूरकराने जर चीनमधील एखादा प्रदेश अभ्यासास घ्यावयाचा असेल, तर तो हा दुसरा, उत्तरेचा, ज्वारीचा प्रदेश होय. कारण त्याची जमीन, त्याचे आभाळ, त्याचा सावकार आणि त्याचा दुष्काळ हे सारे येथील माणसास ओळखीचे वाटावे असेच आहेत. योगायोग असा की, या गावचा एक तरुण नेमका त्याच प्रदेशात गेला, तेथील भाषा शिकला, आणि तेथेच मातीत मिसळला.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव सोलापुरात सर्वतोमुखी आहे. भैय्या चौकातील त्यांच्या राहत्या घराचे महापालिकेने स्मारक केले असून, छायाचित्रांतून आणि कागदपत्रांतून त्यांचे अल्प आयुष्य तेथे मांडून ठेविले आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म, मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला प्रयाण, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी होपेईतील एका खेड्यात देहावसान. हा जीवनक्रम शाळकरी मुलासही पाठ असतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यावरून चित्रपट काढून स्वतः डॉक्टरांची भूमिका केली. त्या चित्रपटाने कोटणीस अमर झाले हे खरे. पण मला नेहमी वाटत आले आहे की, त्याने त्यांच्या कर्मभूमीला मुंबईच्या स्टुडिओतील पडदे लावून कायमचे झाकूनही टाकले. डॉक्टर आपल्या ओळखीचे झाले; ते ज्या मुलखात गेले, तो अनोळखीच राहिला.

वास्तविक चीनच्या बाजूने हे काम पूर्वीच झालेले होते. सातव्या शतकात, सुमारे ६४१ मध्ये, ह्युएन त्संग हा बौद्ध यात्रेकरू महाराष्ट्रात आला, आणि स्वदेशी परतल्यावर त्याने जो वृत्तान्त सिद्ध केला, त्यात आपल्या या देशाविषयी एक लहानसे प्रकरण आहे. परक्या प्रदेशाची प्राथमिक ओळख कशी करून द्यावी याचा तो नमुनाच म्हटला पाहिजे. आधी जमीन सुपीक आहे, हवा उष्ण आहे, हे सांगावयाचे. मग माणसांचा बांधा आणि स्वभाव : साधे, मानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून न राहणारे, परंतु सूड घेण्यापूर्वी शत्रूस सावध करणारे, संकटातील माणसाने हाक मारली तर स्वतःला विसरून धावणारे. मग लष्कराची रीत : लढाई हरलेल्या सेनापतीस शिक्षा न करता स्त्रीवेष पाठवावयाचा, आणि युद्धापूर्वी हत्तींना मद्य पाजावयाचे. आणि शेवटी राजकारण : पुलकेशी हा राजा, आणि उत्तरेत सर्वांना जिंकणाऱ्या हर्षवर्धनालाही तो नमला नाही. भूमी, प्रजा, रीतिरिवाज, राजसत्ता, असा हा क्रम आहे. एवढ्या थोड्या ओळींत एवढा महाराष्ट्र मावविणाऱ्या त्या भिक्षूच्या देशाविषयी आपण मराठीत तितक्याच जबाबदारीने किती लिहिले, हा प्रश्न जरा अवघडच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे पंडित चिनी भाषांतरांतून बौद्ध ग्रंथांचा शोध घेत होते, १९३७ मध्ये त्यांचा विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्धही झाला. परंतु ती विद्वत्ता ग्रंथांच्या चीनविषयी होती, शेतांच्या चीनविषयी नव्हती.

तेव्हा त्या भिक्षूचाच क्रम धरून आधी जमीन पाहू. शान्सी आणि शेन्सी या प्रांतांवर लोएस नावाच्या पिवळसर, मऊ, वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीचा थर पसरलेला आहे. कित्येक ठिकाणी तो शंभर मीटरहूनही जाड असून, इतका घट्ट उभा राहतो की त्यात आडवे कोरून लोक पिढ्यान्पिढ्या गुहाघरांत राहतात. हीच माती पावसाबरोबर वाहून नदीत जाते आणि तिला पीत नदी हे नाव देते. या पठाराच्या पूर्व कडेला ताइहांग पर्वत दक्षिणोत्तर उभा आहे; त्याच्या पश्चिमेस शान्सी, पूर्वेस होपेईचे सपाट मैदान. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सोलापुराइतकाच, आणि तोही उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत घाईघाईने पडून मोकळा होणारा. अशा जमिनीत भात होत नाही. गहू, राळ्यासारखे बारीक धान्य, आणि काओलियांग, म्हणजे ज्वारी, हीच तेथील रयतेची भाकरी होती. शब्दशः भाकरी नव्हे, तर पेज आणि वाफवलेले गोळे. सोलापूरची मालदांडी ज्वारी रब्बीची, ओलावा धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत थंडीच्या दवावर येणारी. काओलियांग खरिपाची, माणसाच्या डोक्यावर हातभर उंच जाणारी. त्या उंचीलाही इतिहासात काम पडले. भर पावसाळ्यात होपेईचे सारे मैदान ज्वारीने झाकले गेले की गनिमी तुकड्यांना त्यात दडून फिरता येई. म्हणून जपानी लष्कराने रेल्वेच्या आणि सडकांच्या दुतर्फा ठराविक अंतरापर्यंत उंच पिके लावण्यास मनाई केली होती. पेरणीवर लष्करी हुकूम काढावा लागावा, इतके ते पीक राजकीय झाले होते.

राजसत्तेचा भाग गुंतागुंतीचा आहे, पण मराठी वाचकास तो अगदीच परका वाटू नये. १६४४ पासून चालत आलेली मांचू घराण्याची बादशाही एकोणिसाव्या शतकात आतून आणि बाहेरून पोखरली गेली. बाहेरून पोखरणाऱ्यांत इंग्रजांची अफू होती, आणि त्यातील मोठा वाटा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जात असे, हे आपण विसरता कामा नये. १९०० मध्ये याच होपेई-शांटुंगच्या दुष्काळी पट्ट्यातून परकीयांविरुद्ध जे बंड उठले, ते मोडावयास गेलेल्या फौजांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. १९११ मध्ये बादशाही कोसळली, आणि त्यानंतर उत्तर पेशवाईची आठवण व्हावी असा काळ आला : मध्यवर्ती सत्ता नावापुरती, आणि प्रांतोप्रांती आपापली फौज बाळगणारे सरदार, ज्यांतील काहींनी पुढील कित्येक वर्षांचा सारा रयतेकडून आगाऊ वसूल केला. शान्सीचा येन शी-शान हा त्यांतील बराचसा कारभारी वृत्तीचा म्हणावा लागेल. १९११ पासून थेट १९४९ पर्यंत तो कमीअधिक प्रमाणात प्रांत राखून होता, आणि शेजाऱ्यांच्या गाड्या आपल्या हद्दीत घुसू नयेत अशा बेताने त्याने आपल्या प्रांताची रेल्वे अरुंद मीटरगेज मार्गाची बांधली, असे सांगतात. होटगीला गाडी बदलण्याचा त्रास ज्यांनी वर्षानुवर्षे सोसला आहे, त्यांना या मुत्सद्देगिरीचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

जपानशी सोलापूरची ओळख मात्र रणांगणाच्या आधीच बाजारात झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत मुबलक प्रमाणात चीनला जात असे. पुढे जपानी गिरण्यांनी ती पेठ काबीज केली, आणि १९३० नंतर तर त्यांचे स्वस्त कापड उलट आमच्याच दुकानांत येऊन पडू लागले. १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा पंचाहत्तरपर्यंत चढविली, तेव्हा जपानने आमचा कापूस उचलणे बंद केले, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी तडजोड झाली. जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्याचा दिवस उगवत होता, त्या शहरास जपानचे सामर्थ्य कशात आहे हे पुस्तकांवरून शिकावे लागले नाही.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळ युद्धाची ठिणगी पडली. आधल्या डिसेंबरात राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख च्यांग कै-शेक यांना त्यांच्याच सेनापतींनी सीआन येथे अटकेत ठेवून कम्युनिस्टांशी जुळवून घेण्यास भाग पाडले होते. त्यामुळे आता दोन्ही पक्ष, मनात तेढ ठेवूनच का होईना, एका आघाडीत आले, आणि शेन्सीतील येनान येथे गुहाघरांत तळ देऊन बसलेली कम्युनिस्ट फौज आठवे मार्ग सैन्य या नावाने राष्ट्रीय लष्करात दाखल झाली. तिचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंस वैद्यकीय मदतीविषयी पत्र लिहिले; १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशास आवाहन केले; आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पाच डॉक्टर ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील, आणि कोटणीस अठ्ठाविशी गाठावयाचे. कँटनला पाय ठेवतात न ठेवतात तोच ते शहर पडण्याच्या बेतात आले, हँकाव पडले, पथक मागे सरकत चुंगकिंगला पोहोचले, आणि तेथे कोटणिसांस वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. परतण्याची मुभा असता ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला आले, वर्षअखेरीस आघाडीकडे निघाले, आणि १९४० मध्ये ताइहांगच्या उत्तर भागात, शान्सी, चाहार व होपेई या तीन प्रांतांच्या सरहद्दींवर उभारलेल्या मुक्त टापूत स्थिरावले.

हा सरहद्दी मुलूख हेच खरे अध्ययनाचे स्थळ आहे. जानेवारी १९३८ मध्ये फूपिंग येथे त्याचा कारभार सुरू झाला, तेव्हा रेल्वे आणि मोठी शहरे जपान्यांच्या अंमलाखाली होती, आणि त्या लोहमार्गांच्या मधल्या डोंगराळ चौकोनांत खेड्यांचे हे राज्य चालत होते. त्याचे दफ्तर खेचरावर लादून एका रात्रीत हलविता येई. त्याने स्वतःची बँक काढून नोटा चालविल्या. खंड शेकडा पंचवीसने उतरविला. कर्जावरील व्याजास सालीना शेकडा दहाची मर्यादा घातली. आणि उत्पन्नाप्रमाणे चढत जाणारा सारा बसविला. सोलापूरच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या पाठोपाठ १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा केला, तो आरंभी पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांस लागू होता. दुखणे एकच होते : अनिश्चित पाऊस, रोख सारा, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत बसलेला सावकार. उपचार मात्र निराळा. येथे मुन्सफाने कोर्टात बसून हिशेब तपासावयाचे. तेथे शेतकऱ्यांच्या सभेत जमीनदारास उभे करून खंड ठरवावयाचा. पहिला उपचार संथ आणि बव्हंशी निष्फळ ठरला; दुसरा परिणामकारक, पण त्यातूनच पुढे १९४७ नंतर जमिनीच्या फेरवाटपाच्या वेळी त्याच सभांनी क्रौर्याची परिसीमा गाठली, हेही प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. त्या राज्याच्या पुरस्कर्त्यांनी हा दुसरा भाग बहुधा वगळला आहे.

या सरहद्दी मुलखातील निवडणुकीची एक रीत मला विशेष मनोहर वाटते. मतदार निरक्षर; म्हणून उमेदवारांना ओळीने बसवून प्रत्येकाच्या पाठीमागे एक वाडगा ठेवीत, आणि मतदार एकामागून एक जाऊन आपल्या पसंतीच्या वाडग्यात घेवड्याचा दाणा टाकीत. उमेदवारास मागे वळून पाहण्याची मुभा नसे. पंचायतीच्या पदांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कम्युनिस्टांनी घेऊ नयेत, असा नियमही १९४० मध्ये करण्यात आला होता. सत्ता निर्वेध होईपर्यंत हे औदार्य टिकले.

या मुलखाच्या संस्कृतीचा विचार करताना वुताई पर्वत सोडून चालणार नाही. पाच सपाट शिखरांचा हा डोंगर चीनमध्ये मंजुश्री बोधिसत्त्वाचे अधिष्ठान मानला जातो, म्हणजे आपल्याकडून गेलेला एक देव तेथे दीड हजार वर्षे घर करून राहिला आहे. जून-जुलै १९३७ मध्ये, युद्ध पेटण्याच्या ऐन तोंडावर, लिआंग स-चेंग आणि लिन ह्वी-यिन या वास्तुशास्त्रज्ञ दांपत्याने खेचरांवरून हिंडत याच परिसरात फोकुआंग मंदिराचे ८५७ मधील लाकडी सभागृह शोधून त्याची मोजमापे घेतली. पुढील वर्षी, त्याच वुताई तालुक्यात, कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी खेड्यातल्या खेड्यात आदर्श इस्पितळ उभारले, आणि जपान्यांनी ते जाळले. शस्त्रक्रियेत बोटास झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून वारले. त्यांच्या नावाने चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे पहिले संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले.

इस्पितळ म्हणजे इमारत असा अर्थ तेथे नव्हता. शेतकऱ्यांच्या घरांतील खांग, म्हणजे खालून ऊब देता येणारे विटांचे ओटे, याच रोग्यांच्या खाटा. आणि शत्रू चाल करून आला की तेच रोगी डोंगरात हलवावयाचे. १९४० च्या ऑगस्टपासून कम्युनिस्ट फौजेने रेल्वेमार्गांवर जो शंभर पलटणींचा हल्ला चढविला, त्यात कोटणिसांनी दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. आणि त्याचा सूड म्हणून जपान्यांनी पुढील दोन वर्षे सारे मारा, सारे जाळा, सारे लुटा असे धोरण आरंभिले, तेव्हा औषध आणि मीठ या दोन्ही वस्तू त्या डोंगरांत दुर्मिळ झाल्या. अशा स्थितीत ते विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शल्यशास्त्र शिकवीत होते, आणि त्याच भाषेत त्याचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू ज्याच्या रस्त्यांवर एकाच वेळी बोलली जाते अशा गावात वाढलेल्या माणसास परकी बोली आत्मसात करणे तुलनेने सुकर गेले असेल, असे म्हणण्याचा मोह मला होतो. १९४१ मध्ये त्यांनी ग्वो चिंग-लान या परिचारिका-शिक्षिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला, त्याचे नाव यिन-हुआ, म्हणजे भारत-चीन असे ठेविले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपस्माराच्या झटक्यांनी तांग तालुक्यातील एका खेड्यात त्यांचा अंत झाला. तो मुलगा पुढे वैद्यकीय विद्यार्थी असतानाच १९६७ मध्ये गेला. ग्वो चिंग-लान २०१२ पर्यंत हयात होत्या.

डॉक्टरांच्या पश्चात त्या मुलखाचे काय झाले, हे आपल्याकडील चरित्रांत येत नाही. १९४८ मध्ये तो शेजारच्या मुक्त टापूत विलीन होऊन त्यातून उत्तर चीनचे लोकशासन बनले, आणि नव्या प्रजासत्ताकाच्या मध्यवर्ती कारभाराची पुष्कळशी खाती त्याच शासनाच्या पोटातून निघाली. चीनच्या मध्यवर्ती बँकेची स्थापना १ डिसेंबर १९४८ रोजी शिजियाझुआंग येथे झाली. कोटणिसांची समाधी आज ज्या शहरात आहे, ते हेच. १९०७ मध्ये मीटरगेजचा फाटा फुटला म्हणून वाढीस लागलेले हे जंक्शन पुढे गिरण्यांचे गाव झाले, आणि तेथेच उभ्या राहिलेल्या प्रचंड औषधनिर्मितीच्या कारखान्यातून १९५८ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. दरसाल एप्रिलमध्ये पितरांच्या सणाला लोक कोटणिसांच्या समाधीवर फुले वाहतात, आणि दोन्ही सरकारांचे संबंध कितीही ताणले तरी त्यांत खंड पडल्याचे ऐकिवात नाही.

आता त्या मैदानात काओलियांग फारशी दिसत नाही. विहिरी खोल गेल्या, गहू आणि मका एकाच शेतात वर्षातून दोनदा निघू लागले, आणि भूगर्भातील पाणी इतके खाली उतरले की यांगत्सेच्या खोऱ्यातील पाणी कालव्याने हजारभर किलोमीटर उत्तरेस आणावे लागले. तो कालवा डिसेंबर २०१४ मध्ये वाहता झाला. इकडे उजनी धरणाचे पाणी १९८० नंतर भीमेच्या काठाने फिरले, आणि राज्यातील सर्वांत अधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होऊ लागली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिचे क्षेत्र आटत चालले होते. विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घेतले, तर होपेईतील एक तालुका आणि सोलापूर जिल्ह्यातील एक तालुका यांच्या १८७६ पासूनच्या पाऊस, सारा, कर्ज आणि पीक यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. त्यासाठी आधी चिनी लिपी शिकावी लागेल. कोटणिसांस ती शिकावयास येनानची एक गुहा आणि काही महिने पुरले होते.